टपालापेक्षा सावकाश

कुसगाव
सोमवार, दिनांक २ फेब्रुवारी २०२६

चि. अमृता हिस,

प्रभूच्या नावाने सलाम. सोबत पित्याचा आशीर्वाद. तो तुला हवा आहे की नाही हे विचारण्याची सध्या सोय नसल्यामुळे न विचारताच पाठवीत आहे.

आज सकाळी सात वाजता मी लोणावळ्याच्या घराला कुलूप लावले आणि पायी निघालो. दिशा सोमाटण्याची आहे. मी दिशा असे लिहिले आहे. सोमाटण्यास तुझ्या घरी येत आहे असे लिहिलेले नाही, हा भेद ध्यानात घ्यावा. डॉक्टरांनी मला रोज चालावयास सांगितले आहे. त्यांनी बागेत अर्धा तास असे म्हटले होते, परंतु बागेत गोल गोल फिरणे माझ्या वयाच्या व स्वभावाच्या माणसाला शोभत नाही.

आगगाडीने हे अंतर पाऊण तासाचे आहे. मी त्यास सहा दिवस घेणार आहे. मोबाइल कपाटात ठेवून आलो. तू गेल्या तीन वर्षांत माझा फोन उचललेला नाहीस, तेव्हा त्यामुळे तुझी गैरसोय होणार नाही. हे वाक्य तक्रार म्हणून वाचू नये.

या प्रवासाचे एक सूचनापत्र माझ्याजवळ आहे. ते कोणी लिहिले आणि माझ्याकडे कसे आले, हा प्रश्न येथे उपस्थित होत नाही. त्यातील पहिली सूचना अशी : ‘पहिल्या दिवशी तासाभराचीच वाट चालावी. आज कोठे पोहोचायचे नाही, फक्त निघायचे आहे.’ दुसरी : ‘दुपारी बारापर्यंत कोणाशी बोलू नये, म्हणजे देवाला बोलण्यास जागा होते.’ मी नियम मोडणारा मनुष्य नाही. त्यामुळे कुसगावात एका दुकानाच्या पायरीवर बसलो असता जो प्रकार घडला तो येणेप्रमाणे.

दुकानातील बाईंनी विचारले, “आबा, पाणी देऊ का?” मी मान हलवली. “कुठनं आलात?” मी हाताने मागची दिशा दाखवली. “जायचंय कुठं?” मी पुढची दिशा दाखवली. तेव्हा त्या आत पाहून म्हणाल्या, “अहो, मुके आहेत हो बिचारे,” आणि माझ्याकडे वळून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारू लागल्या, “आबा, केळं. केळं खाणार का?”

आतून त्यांचे यजमान म्हणाले, “अगं, मुके आहेत ना, बहिरे नाहीत. ओरडतेस कशाला?”

मी केळे खाल्ले. घड्याळात बारा वाजल्यावर उठून म्हणालो, “बाई, आपले आभार. मी मुका नाही; बारा वाजावयाचे होते.” बाईंच्या हातातले माप खाली पडले आणि तांदूळ सांडले. ते वेचावयास मी त्यांना मदत केली. पुढे वाटेत मला हसू आले. एकट्याने हसण्याची मला सवय नसल्यामुळे प्रथम तो खोकला वाटला.

आजचा मुक्काम येथेच, रेल्वेतील एका जुन्या सोबत्याकडे.

तुझा पिता,
निवृत्ती यहोशवा रणभिसे
सेवानिवृत्त चावीवाला, रेल्वे
चिटणीस, पंचमंडळ

---

मळवली
मंगळवार, दिनांक ३ फेब्रुवारी २०२६

चि. अमृता हिस,

सलाम व आशीर्वाद.

नदीकाठी बसून लिहीत आहे. अक्षर हलले असल्यास तो मांडीवरच्या वहीचा दोष समजावा.

लोणावळा ते मळवली हा माझा पट्टा होता. चौतीस वर्षे मी खांद्यावर हातोडा घेऊन या रुळांतून चाललो. रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी कोठे ढिली दिसली की ठोकावी आणि पुढे जावे, एवढेच काम. लहानपणी तू त्या चावीचे कुलूप माझ्याकडे मागितले होतेस, आणि कुलूप नसते असे सांगितल्यावर संध्याकाळपर्यंत रुसली होतीस. चौतीस वर्षे हे काम मान खाली घालून केले. मान वर केली असती तर चावी सुटली असती, आणि चावी सुटली असती तर गाडी. म्हणून मी मान खाली घातली याचा मला पश्चात्ताप नाही. परंतु आज मान वर करून त्याच वाटेने आलो, तेव्हा मला या मुलखातील एकही झाड ओळखता आले नाही.

सकाळी इंद्रायणीवर धुके होते. पाणी दिसत नव्हते, पाण्याचा आवाज तेवढा होता. काठावर सावरीचे झाड होते, पान एकही नाही, नुसती लाल फुले. आणि खोड धुक्यात बुडाल्यामुळे ती फुले कशालाच न धरता वर राहिली होती. पलीकडून गाडी गेली. डबे दिसले नाहीत, फक्त खिडक्यांचा उजेड, एकामागून एक, पाण्यावरून चालत गेल्यासारखा. मी कितीतरी वेळ उभा होतो. मग गाडी गेल्याचेही खरे वाटेना.

सूचनापत्रात लिहिले आहे : ‘दिवसातून एकदा तरी कारणाशिवाय बसावे.’ कारणाशिवाय बसणे म्हणजे काय, याचा खुलासा त्यात नाही. सूचनेचे पालन हेच बसण्याचे कारण झाल्यास सूचनेचा भंग होतो किंवा कसे, याचा मी बराच विचार केला. शेवटी विचार करून कंटाळलो आणि बसलो. बहुधा तेच अभिप्रेत असावे.

बसल्यावर मी प्रार्थना सुरू केली. ‘हे स्वर्गीय पित्या’ एवढे म्हटले आणि मला झोप लागली.

जागा झालो तेव्हा धुके गेले होते आणि ऊन गुडघ्यांपर्यंत आले होते. सत्तर वर्षे मी प्रार्थना वेळेवर सुरू केली आहे आणि शेवटच्या आमेनपर्यंत नेली आहे. मध्ये कधी खोकलोही नाही. आज ती पहिल्या हाकेवरच राहिली. मला शरम वाटावयास हवी होती. ती वाटण्याची मी थोडा वेळ वाट पाहिली. परंतु मनात आले ते असे, की मी पित्या म्हणून हाक मारली आणि लेकरासारखा झोपलो. यात ज्याला हाक मारली त्याची काही तक्रार नसावी.

हे विधान मी चर्चच्या पंचमंडळापुढे करणार नाही.

तुझा पिता,
निवृत्ती यहोशवा रणभिसे
चिटणीस, पंचमंडळ

---

कामशेत
बुधवार, दिनांक ४ फेब्रुवारी २०२६

चि. अमृता हिस,

सलाम.

बेकरीवाले इनायतभाई तुला आठवत असतील. नाताळात केक भाजून घेण्यास तुझी आई त्यांच्याकडे पीठ-साखर घेऊन येत असे. आता त्यांची दाढी पूर्ण पांढरी झाली आहे. मला पाहून ते दुकानाबाहेर आले.

“रणभिसे भाऊ, चालत? गाड्या बंद पडल्यात का?”

मी म्हणालो, “गाड्या चालू आहेत. मी सावकाश प्रवास करीत आहे.”

“चांगलं करताय. आमच्यात तर नमाजलाही धावत येऊ नका म्हणून सांगितलंय. निवांत चालत या. पण ऐकतं कोण? समोरच्या मशिदीत पोरं गाडी आडवी लावून पळत येतात.” त्यांनी मला बाकावर बसवले आणि चहा सांगितला. “चाललात कुणाकडे? अमृताकडे ना?”

मी म्हणालो, “त्या बाजूला.”

“त्या बाजूला म्हणजे अमृताकडेच. मग फोन करून जा की. ती इस्पितळातली पोरगी, ड्यूटीवर असली तर?”

“पत्रे पाठवीत आहे.”

“पत्र?” इनायतभाई हसू लागले. “भाऊ, आजकालच्या टपालात पत्राच्या आधी तुम्ही पोचाल.”

मी म्हणालो, “म्हणूनच सावकाश चाललो आहे.”

त्यांचे हसणे थांबले. नानकटाईची बशी माझ्यापुढे सरकवून ते हळू आवाजात म्हणाले, “असं काय लिहिलंय भाऊ, की कागद आधी पाहिजे नि माणूस नंतर?”

मी चहा प्यायलो. ते अद्याप लिहिलेलेच नाही. पहिल्या पत्रात डॉक्टरांचा उल्लेख केला आहे. ते कारण खोटे नाही, परंतु पुरते खरेही नाही. खरे कारण पुढीलप्रमाणे.

दिनांक ११ जानेवारीस उपासनेनंतर चर्चच्या अंगणात एक बाई मला भेटल्या. पुण्याच्या रजनी चांदेकर. तुला त्या ठाऊक आहेत. त्यांनी विचारले, “चिटणीस आपणच ना? ती विसाव्याची यात्रा पुन्हा कधी निघते?”

मी सवयीने दुरुस्ती केली. म्हणालो, “यात्रा नव्हे. सहल.”

त्या म्हणाल्या, “नाही हो. सहल झाली. यात्रा राहिली.”

मग त्यांनी सांगितले की, सहलीच्या दिवशी त्या आल्या तेव्हा त्यांच्या मुलाला मातीत ठेवून महिना झाला होता. सहा दिवस कोणी काही विचारणार नाही, नुसते चालावयाचे आणि देवापाशी बसावयाचे, एवढ्या, तुझ्या तोंडून ऐकलेल्या, आशेवर त्या आल्या होत्या. आणि त्यांना बसमध्ये ध्वनिक्षेपकाखालची जागा मिळाली. दुपारी तू त्यांना स्टेशनवर सोडलेस आणि म्हणालीस, “एकदा खरी यात्रा काढीन, तेव्हा तुम्हांला पहिलं पत्र.” त्या म्हणाल्या, “तीन वर्षं झाली. म्हटलं, पत्र हरवलं असेल, जाऊन विचारावं.”

मी त्यांना कळवितो असे सांगितले. घरी आलो आणि जेवलो नाही.

उद्या कान्ह्यास जाईन. जे लिहावयाचे आहे ते तेथे लिहीन. येथे बेकरीत फार माणसे आहेत.

तुझा पिता,
निवृत्ती रणभिसे

---

कान्हे
गुरुवार, दिनांक ५ फेब्रुवारी २०२६

अमृता,

हे पत्र आज टाकल्यास शनिवारी तुझ्या हाती पडेल, असे टपाल कचेरीतील गृहस्थांनी मला दोनदा सांगितले. दोनदा, कारण मी दोनदा विचारले.

कान्ह्याच्या फलाटावरील बाकावर बसलो आहे. दोन गाड्यांच्या मध्ये येथे इतकी शांतता होते की, रुळावरून चालणाऱ्या मैनेची नखे ऐकू येतात. पाच गाड्या गेल्या. आता लिहितो.

सन २०२२ च्या ऑक्टोबरात तू एक मजकूर लिहिलास. ‘विसाव्याची यात्रा. लोणावळा ते सोमाटणे, सहा दिवस, पायी, शांतपणे.’ पंचमंडळाने तो मान्य केला होता. छापखान्यात जाण्यापूर्वी तो शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आला, कारण चर्चच्या मंडळीतील प्रत्येक कागद माझ्याकडे येत असे. मी चौथी पास आहे. पण ती त्या काळची चौथी, आणि ऱ्हस्वदीर्घात मला हरवणारा पदवीधर अजून लोणावळ्यात भेटलेला नाही, असे मी नेहमी सांगत आलो. तू ते पुष्कळदा ऐकले आहेस.

तुझ्या मजकुरात एकही चूक नव्हती. तरी मी तांबड्या शाईने ‘यात्रा’ हा शब्द खोडला आणि वर ‘सहल’ असा लिहिला. ‘विसाव्याची’ऐवजी ‘मंडळीची’ केले. ‘सहा दिवस, पायी, शांतपणे’ हे शब्द आणि खालच्या सर्व सूचना जागा पुरत नाही म्हणून काढल्या. तुला विचारले नाही. दुरुस्त केलेली प्रत स्वतःच्या अक्षरात उतरवून मी छापखान्यात नेऊन दिली.

का, ते सांगतो. आपल्या मुलखात यात्रा म्हटली की कार्ल्याच्या डोंगरावरची. ढोल, पालख्या, गुलाल. माझा बाप ख्रिस्ती झाला तेव्हा त्याची भावकी तुटली आणि त्याबरोबर गावची यात्राही. पुढे सगळा गाव डोंगराकडे निघाला की तो दार लावून आत बसत असे, आणि मी फटीतून पाहत असे. तुझा कागद वाचला तेव्हा मला बाजारातले आवाज ऐकू आले. ‘काय रणभिसे, तुमचीबी यात्रा निघाली का?’ एवढेच. हे हसे होईल, आणि ते माझे होईल, म्हणून मी एक शब्द बदलला. धर्माचे नाव दिले, पण कारण हे होते.

पुढचे तुला ठाऊक आहे. ‘मंडळीची सहल, सर्वांस आमंत्रण.’ सात माणसांऐवजी छप्पन्न आली. दोन बसगाड्या, बॅट-चेंडू, हाउजीची तिकिटे, ध्वनिक्षेपक. तू अंगणात पाठीवर पिशवी घेऊन उभी होतीस. पत्रक हातात घेऊन ते उलटसुलट पाहत होतीस, जणू मागल्या बाजूला खरे काय ते छापलेले असेल.

मग बैठक झाली. सहलीत धरणावर झालेल्या दंग्याची तक्रार आली होती आणि कोणावर तरी ती ठेवणे भाग होते. तू उभी राहून एकच प्रश्न विचारलास. “बाबा, छापखान्यात माझा कागद गेला की दुसरा?”

मी चिटणीस म्हणून उत्तर दिले, “जे छापले ते छापले.”

शास्त्रात प्रभूला क्रूसावर देणाऱ्या सुभेदाराचे उत्तरही याच वळणाचे आहे, आणि त्याची गणना कोणत्या लोकांत होते, हे मी स्वतः तुला रविवारच्या शब्बाथशाळेसाठी पाठ करून घेतले होते. तू माझ्याकडे पाहिलेस आणि खाली बसलीस. तुला यापुढे मंडळीत कोणतीही जबाबदारी देऊ नये, असा ठराव झाला. तो ठराव माझ्या हस्ताक्षरात आहे. त्यात एकही चूक नाही.

तुझा मूळ कागद छापखान्यात गेलाच नाही. तो तीन वर्षे माझ्या पेटीत होता. गेले चार दिवस मी त्याच कागदाप्रमाणे चालत आहे. हे तू पहिल्याच पत्रात ओळखले असशील. अक्षर लपवता येते, तुझी वाक्ये लपत नाहीत.

मी चुकलो. याहून लांब वाक्य करून पाहिले, ते खोटे होऊ लागले.

जेथे तुझी यात्रा संपावयाची होती तेथेच जाऊन तू राहिलीस, हेही मला या वाटेवरच कळले.

आता व्यवस्था. शुक्रवार व शनिवार मी वडगावात महिपतीच्या घरी थांबेन. तो रेल्वेत माझ्या गँगमध्ये होता, तुला ठाऊक आहे. रविवारी सकाळी तुझ्या कागदातील पायवाटेने निघून अकराच्या सुमारास तुझ्या दारी येईन. भेटण्याची इच्छा नसल्यास दार लावून घे. मी दार वाजवणार नाही. तळेगाव स्टेशनवर जाऊन गाडी धरीन आणि पुन्हा त्रास देणार नाही. पंचमंडळासही सर्व हकीगत कळविणारे पत्र याच टपालाने पाठवीत आहे.

निवृत्ती

---

वडगाव मावळ
शनिवार, दिनांक ७ फेब्रुवारी २०२६

अमृता,

हे पत्र टाकणार नाही, कारण ते माझ्या आधी पोहोचू शकत नाही. तरी लिहीत आहे.

पंचमंडळास पत्र पाठवीत आहे असे मी लिहिले होते. ते लिहून तयार आहे, पाकीट चिकटवले आहे, तिकीट लावले आहे. आणि ते माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. कान्ह्यात तुझे पत्र पेटीत टाकले आणि हे टाकण्यास हात उचलला, तो परत खाली आला. लेकीपुढे लहान होणे निराळे. साठ घरांपुढे, ज्यांचे अर्ज मी तीस वर्षे दुरुस्त करीत आलो, त्यांच्यापुढे निराळे. तुला सर्व खरे लिहिले त्याच पत्रात हे एक खोटे गेले.

दोन दिवस महिपतीच्या बांधावर, आंब्याखाली बसून आहे. मोहोर आला आहे. वाऱ्याने तो वहीवर पडतो, शब्दांमध्ये बसतो, आणि मी तो झटकीत नाही. हरभऱ्याचे रान आहे, त्यापलीकडे ऊन, उन्हापलीकडे डोंगर निळे होत होत नाहीसे होतात. मधमाश्यांचा आवाज इतका संथ आहे की, काही वेळाने तो बाहेरून येत नाही, आपल्याच कपाळात आहे, असे वाटू लागते.

काल महिपती कुदळ टेकून म्हणाला, “आबा, सकाळधरनं हितंच हाय तुमी. काय हरवलंय व्हय?”

मी म्हणालो, “नाही. बसलो आहे.”

“न्हाई, बसा की. पर तुमाला बसल्यालं कदी बघितलंच न्हाई, म्हनून इचारलं.” मग तो त्याच्या मंडळींना सांगू लागला, “ह्यो मानूस दिवाळीला बी रूळ ठोकायचा. आमी म्हनायचो, आबा, तुमच्या देवानं सातव्या दिशी सुट्टी घेतली, तुमी का घेत न्हाई? तर म्हनायचा, देवाला वरिष्ठ न्हाईत.”

वहिनी पदराआड हसल्या. म्हणाल्या, “मग आता देवानंच घेतली जनू तुमची हजेरी.”

मी असे म्हणालो होतो खरा. मला ते फार चतुर उत्तर वाटले होते.

आज दुपारी, टपालवाला सोमाटण्यात फिरत असेल अशा वेळी, मी फार अस्वस्थ होतो. पत्र तुझ्या हाती पडत असेल, तू ते फोडत असशील, आणि मला त्यात एक शब्दही आता खोडता येणार नाही. माझ्या हातात काही म्हणजे काहीच उरले नव्हते. ना हातोडा, ना तांबडी शाई. तेव्हा मी पुन्हा प्रार्थना करावयास बसलो आणि काय मागावे ते सुचेना. तू क्षमा करावीस असे मागणे म्हणजे तुझ्या मनाचीही दुरुस्ती करण्यास देवाला सांगणे झाले. म्हणून मी काही मागितले नाही. नुसता त्याच्यासमोर बसलो. ऊन पायांवरून छातीवर आले, छातीवरून गेले. मला झोप लागली नव्हती, आणि मी पुरता जागाही नव्हतो. एवढेच वाटत होते की, कोणीतरी माझ्या शेजारी बसले आहे, त्याला माझी सर्व हकीगत ठाऊक आहे, आणि त्याला उठून जाण्याची घाई नाही.

विसावा हा शब्द मी आयुष्यात हजारदा वाचला व इतरांना वाचून दाखवला. मी तो कामानंतर मिळणारी सुट्टी असा समजत होतो. तुझ्या कागदात तो कामाच्या आधी आहे. पहिल्याच ओळीत.

उद्या निघतो.

बाबा

---

सोमाटणे
रविवार, दिनांक ८ फेब्रुवारी २०२६
सकाळचे सव्वानऊ

अमृता,

तुझ्या दाराच्या पायरीवर बसून लिहीत आहे. कसे ते सांगतो.

सकाळी उठलो तो उजवा गुडघा वाकेना. त्याचे दुखणे कुसगावापासूनच आहे. लिहिण्याजोगे वाटले नाही म्हणून लिहिले नाही. मी पायवाटेने अकराला येईन असे लेखी दिले होते, आणि लेखी दिलेली वेळ चुकवणे मला जमत नाही. महिपती म्हणाला, “उशीर झाला तर झाला, लेक हाय ती, साहेब न्हाई.” मी ऐकले नाही. हमरस्त्यावर येऊन सहा आसनी रिक्षा धरली. पाच दिवस सावकाश चाललो आणि शेवटच्या सकाळी घाई केली. साडेआठलाच फाट्यावर उतरलो.

फाट्यावर टपालपेटी आहे. रविवारी ती उघडत नाही, पण टाकण्यास मनाई नाही. खिशातले पत्र तिच्यात टाकले. ते आत पडल्याचा आवाज ऐकला आणि मगच तुझ्या घराकडे वळलो, कारण ते खिशात ठेवून तुझ्यासमोर उभे राहता आले नसते.

तुझ्या दाराला कुलूप होते.

दार लावून घे, असे मीच लिहिले होते. कुलूप बाहेरून होते, पण त्या क्षणी मला आत-बाहेर सुचले नाही. मला उत्तर मिळाले असे मी समजलो. ते उत्तर योग्य होते. मी टोपी काढली, तेथेच उभे राहून तुझ्यासाठी एक छोटी प्रार्थना केली, ती पूर्ण झाली, आणि वळलो.

शेजारच्या दारातून एक बाई टूथब्रश हातात घेऊन बाहेर आल्या. रुपाली असे नाव त्यांनी सांगितले.

“आजोबा, तुम्ही अमृताताईंचे वडील का? लोणावळ्याचे?”

मी हो म्हणालो.

“अहो, मग तुम्ही इकडं कसे? ताई तर उजाडायलाच गेल्या तुम्हाला आणायला. पायवाटेनं, वडगावकडं. मी म्हटलं, येतायत ना ते, कशाला जाता. तर म्हणाल्या, गुडघा दुखत असणार त्यांचा, सांगायचे नाहीत, अर्ध्या वाटेत गाठते.”

अमृता, गुडघ्याविषयी मी एकाही पत्रात लिहिलेले नाही.

मी विचारले, “त्या रागावलेल्या होत्या काय?”

रुपालीबाई म्हणाल्या, “खोटं कशाला बोलू? काल पत्र आलं तेव्हापासून भांडी आपटतायत. जाताना पण भांडायलाच निघाल्यासारख्या निघाल्या. म्हणाल्या, आधी चांगलं ऐकवणार आहे, मग घरी आणणार आहे. थांबा, फोन लावते.”

त्यांनी फोन लावला. तो तुझ्या कुलपाच्या आत वाजू लागला. आम्ही दोघे दाराकडे पाहत उभे राहिलो. बराच वेळ वाजला आणि थांबला.

“अरे देवा, घरीच ठेवून गेल्या की,” त्या म्हणाल्या. “चला, स्कूटीवर सोडते. अर्ध्या तासात गाठू त्यांना.”

मी नको म्हणालो. स्कूटी रस्त्याने जाईल आणि तू पायवाटेने असशील. एका दिवसात दोनदा चुकामूक करण्याइतका मी आता तरुण नाही. त्यांनी पायरीवर सतरंजी टाकली, चहा दिला, आणि दोनदा विचारले की मला कोणाला काही कळवावयाचे आहे का. मी म्हणालो, कळवून झाले आहे.

तू आता कोठे असशील याचा विचार करीत आहे. वाटेतला ओढा ओलांडला असशील. पायवाटेवर समोरून येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या टोपीकडे पाहत असशील. वडगावात महिपती तुला सांगेल की मी रिक्षाने गेलो, आणि तू आणखी रागावशील. ते सर्व मी ऐकून घेईन. मध्ये एकही शब्द दुरुस्त करणार नाही.

परतीला गाडी-रिक्षा करू नकोस. सकाळपासून चालते आहेस; वाटेत कोठे सावली बरी दिसली तर बस. मी येथून हलत नाही. रागावून ये, पण सावकाश ये.

बाबा